एस्टीम ८ व्हॉल्व्ह : कॅम बदललाय, आता व्हॉल्व्ह स्प्रिंग कोणत्या टाकाव्यात?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

गाडी १९९७ ची मारुती एस्टीम, ८ व्हॉल्व्हची, मूळची कार्ब्युरेटरवाली. १२९८ सीसी, बोअर ७४, स्ट्रोक ७५.५. फक्त ऑटोक्रॉससाठी (मैदानावरची घड्याळाशी शर्यत) ठेवली आहे, मैदानावर ट्रेलरवरून नेतो. हेडचं पोर्टिंग झालंय, दोन साइडड्राफ्ट कार्ब, हेडर आणि रिग्राइंड केलेला, म्हणजे घासून नवा आकार दिलेला कॅम. कॅमच्या कार्डावर व्हॉल्व्हची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) १०.२ मिमी दिली आहे. इग्निशन बॉक्सचा लिमिटर ७६०० आरपीएमला लावलाय, पण तिथपर्यंत गाडी जातच नाही. ६९०० पर्यंत झकास खेचते आणि मग जोर एकदम मरतो. आवाजही बदलतो, पत्र्यावर बारीक वाळू ओतावी तसा.

व्हॉल्व्ह स्प्रिंग कंपनीच्याच आहेत, बहुधा इंजिनाइतक्याच जुन्या. ओळखीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, "मिळतील तेवढ्या कडक टाक, विषय संपला." पण किती कडक म्हणजे पुरेशा, हे कोणी सांगत नाही. सिंगल घ्यायच्या की डबल? बाजारात दिसतात त्या मधमाशीच्या पोळ्याच्या आकाराच्या घ्यायच्या का? कृपया मार्गदर्शन करा.

सातहजारी

स्प्रिंग विकत घेण्याआधी हा व्हॉल्व्ह फ्लोटच (स्प्रिंग कमी पडून व्हॉल्व्ह कॅमपासून सुटणं) आहे याची खात्री कर. दोन कार्ब लावल्यावर पेट्रोल कमी पडूनही गाडी अशीच मरते. ओळखायची एक साधी पद्धत आहे. दुसऱ्या गिअरला आणि चौथ्या गिअरला, दोन्ही वेळा किती आरपीएमला मरते ते बघ. पेट्रोल कमी पडत असेल तर चौथ्याला लवकर मरेल, कारण तिथे इंजिन जास्त वेळ पूर्ण लोडवर असतं आणि कार्बचा कप रिकामा होतो. फ्लोट असेल तर गिअर कुठलाही असो, आकडा तोच येईल. स्प्रिंगला गिअर कळत नाही, तिला फक्त आरपीएम कळतात.

घाटमाथा

काल संध्याकाळी मैदानावर करून बघितलं. चौथ्याला जागा पुरत नाही म्हणून दुसरा आणि तिसरा. दोन्हीला ६९००, फार तर पन्नास-शंभर इकडेतिकडे. प्लगचा रंगही ठीक आहे.

सातहजारी

मग फ्लोटच. आता त्या आरपीएमला परत नेऊ नकोस. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद व्हायला उशीर करतो तेव्हा पिस्टन त्याच्या मागोमाग वर येत असतो. तो गाठला की व्हॉल्व्ह वाकतो, नाहीतर त्याची मान तुटते आणि पिस्टन, हेड सगळंच जातं.

उद्यमनगर_लेथ

घाटमाथा, मी कोल्हापूरला उद्यमनगरात चाळीस वर्षं हेडची कामं केली. माझं एकच सांगणं आहे बाळा, आधी मोज आणि मग खरेदी कर. "कडक" हा शब्द विसर. स्प्रिंगचे चार आकडे असतात. ते आठही व्हॉल्व्हचे काढ आणि इथे लिही.

एक, मोकळी लांबी. स्प्रिंग टेबलावर उभी करून व्हर्नियरने माप.

दोन, बसवलेली उंची. व्हॉल्व्ह बंद असताना खालच्या वॉशरपासून वरच्या रिटेनरच्या (स्प्रिंगला वरून धरणारी टोपी) आतल्या कडेपर्यंत जेवढी जागा स्प्रिंगला मिळते ती. कॅटलॉगातला आकडा इथे चालत नाही. तुझ्या हेडवर सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती बैठक) कटिंग झालेलं असणार. सीट जेवढी खाली गेली तेवढा व्हॉल्व्हचा दांडा वर आला, उंची वाढली आणि स्प्रिंग तेवढी सैल बसली. प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा वेगळा निघेल.

तीन, त्या उंचीला दाब किती आणि पूर्ण लिफ्टला दाब किती. स्प्रिंग टेस्टर नसेल तर ड्रिलिंग मशीनच्या खाली बाथरूमचा वजनकाटा ठेव, त्यावर जाड पट्टी, पट्टीवर स्प्रिंग. चकमध्ये गोल दांडा धरून वरून सावकाश दाब. व्हर्नियरने उंची बघ, काट्यावर किलो वाच. मशीनचा प्लग काढलेला असू दे आणि डोळ्यावर चष्मा घाल. निसटलेली स्प्रिंग डोळा घेऊन जाते.

चार, कॉइल बाइंड. सगळे वेढे एकमेकांना टेकतात तेव्हाची उंची. पूर्ण लिफ्टला स्प्रिंग तिथपासून निदान दीड मिमी दूर राहिली पाहिजे. टेकली तर कॅम तिला आणखी दाबू शकत नाही, मग रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा दांडा) तुटतो नाहीतर कॅमचं नाक जातं.

आणि हेही बघ, की पूर्ण लिफ्टला रिटेनर खाली येऊन गाइडवरच्या (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो ती) ऑइल सीलला टेकत नाही ना. जास्त लिफ्टचा कॅम घालणारे हेच विसरतात. मग महिन्याभरात सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि मंडळी रिंगा बदलत बसतात.

घाटमाथा

काका, शनिवार-रविवार त्यातच गेला. आकडे असे आले:

मोकळी लांबी : ४८.३ ते ४९.१ मिमी. आठही वेगळ्या!
४१.५ मिमी उंचीला दाब : २३ ते २६ किलो.
एक मिमी दाबायला लागणारं वजन : साधारण ३.४ किलो.
कॉइल बाइंड : ३०.५ मिमी.
रिटेनर ते सील : ११.२ मिमी.

प्रत्येक व्हॉल्व्हची बसवलेली उंची मोजायची राहिली आहे, हेड मशीन शॉपमध्ये आहे. ४१.५ धरली तर १०.२ लिफ्टला स्प्रिंग ३१.३ वर येते. म्हणजे बाइंडला फक्त ०.८ मिमी बाकी! आणि सीलला १ मिमी. हे बघून रात्री झोप लागली नाही. एवढ्यावर मी तीन इव्हेंट चालवल्या.

मिशिगनकर

धागा फार चांगल्या वळणावर आलाय. मी मूळचा सांगलीचा, सध्या डेट्रॉइटजवळ इंजिनांच्या व्हॉल्व्हट्रेनवर काम करतो. घाटमाथाने आकडे दिलेत, तर त्यांवरच बोलू.

स्प्रिंगचं काम व्हॉल्व्हला कॅमच्या मागे चिकटवून ठेवणं एवढंच आहे. कॅमची चढण व्हॉल्व्हला ढकलते, तिथे स्प्रिंगची गरज नाही. नाकावरून पुढे जाताना व्हॉल्व्हला सरळ पुढे उडायचं असतं. त्याला थांबवून परत फिरवण्याचं काम स्प्रिंगचं. लागणारं बल म्हणजे हलणारं वस्तुमान गुणिले तिथला प्रवेग, आणि प्रवेग आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६५०० वरून ७५०० ला गेलास तर आरपीएम वाढले १५ टक्के, पण बल वाढलं ३३ टक्के.

आता वस्तुमान. व्हॉल्व्ह, रिटेनर, लॉक, रॉकरचा व्हॉल्व्हकडचा वाटा आणि स्प्रिंगचा एक तृतीयांश भाग. स्प्रिंगचं खालचं टोक हलत नाही, वरचं पूर्ण हलतं, म्हणून एक तृतीयांश धरतात. तुझ्या इंजिनात हे सगळं मिळून १३० ग्रॅमच्या आसपास धरू. कॅम इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे ७५०० ला ३७५० ने. या लिफ्टच्या, २६० अंशांच्या आसपासच्या कॅमच्या नाकावर ४३०० मीटर प्रति सेकंद वर्ग हा अंदाज वाजवी आहे. गुणाकार केला की ५६० न्यूटन, म्हणजे ५७ किलो.

तुझी सरासरी स्प्रिंग ३१.३ मिमीला किती देते? (४८.८ – ३१.३) × ३.४ = साडेएकोणसाठ किलो. कागदावर दोन-अडीच किलो शिल्लक आहेत. सगळ्यात थकलेली स्प्रिंग ५७.८ देते, तिच्यात काहीच शिल्लक नाही. मग ७५०० पर्यंत पुरायला हव्या होत्या, ६९०० लाच का मेल्या?

कारण स्प्रिंग ही नुसती दाब देणारी वस्तू नाही, तिला स्वतःचं वजन आहे आणि ती स्वतः थरथरते. विहिरीवरचा दोर एका टोकाला झटकला की लाट दुसऱ्या टोकापर्यंत जाते, तशी प्रत्येक वेळी कॅम स्प्रिंगला झटका देतो तेव्हा वेढ्यांतून लाट वर-खाली धावते. याला सर्ज म्हणतात. स्प्रिंगची स्वतःची कंपनसंख्या समजा ५०० हर्ट्झ आहे. ३७५० ने फिरणारा कॅम सेकंदाला ६२.५ फेरे घेतो, आणि ६२.५ ची आठपट बरोबर ५००. त्या आरपीएमला कॅमचा आठवा हार्मोनिक आणि स्प्रिंग एका तालात येतात. लाट वाढत जाते, आणि नेमक्या हव्या त्या क्षणी स्प्रिंग ५९ ऐवजी बरंच कमी देते. इथे आमच्याकडे स्पिनट्रॉन नावाचं यंत्र असतं. इंजिन इलेक्ट्रिक मोटरने फिरवतात आणि लेसरने व्हॉल्व्हची हालचाल टिपतात. वेढे जेलीसारखे लडबडताना पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता. हे पोलाद आहे!

म्हणून नाकावरच्या गरजेपेक्षा निदान पाव भाग जास्त दाब ठेवतात. चुकून आधीचा गिअर पडून इंजिन ८००० ला गेलं तर ६५ किलो लागतील, हेही लक्षात घे. तुला पूर्ण लिफ्टला ७० ते ७५ किलो हवेत आणि व्हॉल्व्ह बंद असताना ३० ते ३३. बंद अवस्थेतला दाब वेगळ्या कामाचा आहे. तो कमी पडला तर व्हॉल्व्ह सीटवर आपटून परत उसळतो.

म्हणजे रेट मिमीला ४ किलो, बाइंड २९.५ च्या आसपास. एस्टीमचं नाव असलेली स्प्रिंगच पाहिजे असं नाही. बाहेरचा व्यास, आतला व्यास, उंची आणि हे आकडे जुळले की बास. जी१३ इंजिनं (तुझं इंजिन याच सुझुकी घराण्यातलं) ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इथे अमेरिकेत सुझुकी सामुराई जीपवाले भरपूर बांधतात, त्यामुळे योग्य स्प्रिंग मिळते.

काळा_धूर

मिशिगनकर, हे इतकं स्वच्छ मराठीत मी पहिल्यांदाच वाचलं. वाचनखूण साठवली.

"कडक टाक, विषय संपला" याचं काय होतं ते मी भोगलंय, म्हणून लिहितो. माझंही रॉकरवालंच इंजिन. एका गॅरेजने परदेशी मोठ्या इंजिनासाठीच्या डबल स्प्रिंग बसवून दिल्या. बंद अवस्थेत ४५ किलो, उघडल्यावर ११० च्या पुढे. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. गाडी ८००० पर्यंत फिरायची आणि मी खूश. ९०० किलोमीटरवर टॅपेटचा (रॉकर आणि व्हॉल्व्हमधल्या फटीचा) आवाज सुरू झाला. टॅपेट आवळले, आठवड्यात परत आवाज. ऑइल काढलं तेव्हा ते उन्हात चमकत होतं, बारीक चमचमीत चिखल जसा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या लोण्यासारखा थर. व्हॉल्व्ह कव्हर काढलं तर दोन कॅम लोब गोल होऊन गेलेले, रॉकरच्या पॅडवर नखाने जाणवतील असे चर. कॅम गेला, आठ रॉकर गेले, ते पोलाद ऑइल पंपातून फिरलं म्हणून बेअरिंगही गेली. पोर्टिंगला आणि कार्बला मिळून केला नव्हता एवढा खर्च झाला.

रॉकरचा पॅड कॅमवर घासत जातो, गडगडत नाही. तिथे दाब वाढवला तर ऑइलचा पापुद्रा टिकत नाही. त्यात हल्लीच्या पातळ पेट्रोल ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरस कमी केलेलं असतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून. ऑइलच्या एपीआय एसएम ग्रेडपासून ३० च्या पातळ ग्रेडना फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के आहे. नव्या गाड्यांना ते ठीक, आपल्यासारख्या घासणाऱ्या कॅमला नाही. घाटमाथा, नवीन कॅम आणि नवीन स्प्रिंग एकत्र बसवशील तेव्हा कॅमला असेंब्ली पेस्ट लाव. पहिली वीस मिनिटं इंजिन २००० च्या खाली आयडलवर ठेवू नकोस, कमी आरपीएमला कॅमवर ऑइल कमी पोचतं.

पुरेल एवढाच दाब, त्यावर एक किलोही नको.

सातहजारी

काळा_धूर +१. आणि रिग्राइंड कॅमचं आणखी एक. लिफ्ट वाढवण्यासाठी बेस सर्कल घासून लहान केलेलं असतं, त्यामुळे रॉकर थोडा फिरून बसतो आणि पॅडवरची घासायची जागा सरकते. पॅडला मार्करने काळं कर, हाताने दोन फेरे फिरव आणि पट्टा कुठे उमटतो ते बघ. कडेला गेला असेल तर कुठलीही स्प्रिंग त्या कॅमला वाचवणार नाही.

माळरान

एक शंका. आमच्या इथल्या स्प्रिंगवाल्याला नमुना दाखवून थोड्या जाड तारेच्या करून घेतल्या तर? स्वस्तात होतील.

धातुगाथा

माळरान, मी धातुशास्त्र शिकले आणि भोसरीत स्प्रिंगच्या कारखान्यात दहा वर्षं काढली, म्हणून कळकळीने सांगते, करू नका.

पहिलं गणित तारेच्या जाडीचं. स्प्रिंगचा रेट तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. तार दहा टक्के जाड केली, म्हणजे "थोडी", तर स्प्रिंग ४६ टक्के ताठ होते. शिवाय वेढे जाड झाल्याने कॉइल बाइंड लवकर येतं. घाटमाथाकडे आत्ताच ०.८ मिमी आहेत, ते उणे होतील.

दुसरं, थकवा. ७५०० आरपीएमला एका तासात स्प्रिंग २,२५,००० वेळा दाबली जाते. पंचेचाळीस तासांत एक कोटीच्या वर. गेटला किंवा पंपाला लावायची स्प्रिंग आयुष्यात एवढं काम करत नाही. व्हॉल्व्ह स्प्रिंगची तार क्रोम-सिलिकॉनची, तेलात टेम्पर केलेली, आत मळीचे कण जवळजवळ नाहीत अशी स्वच्छ पोलादाची लागते. वेढे घातल्यावर ताण काढायचा, टोकं घासून सपाट करायची, मग शॉट पीनिंग. बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागावर दाबाचा ताण कोंडून ठेवायचा, म्हणजे चीर उघडायला जागा मिळत नाही. शेवटी स्प्रिंग पूर्ण दाबून तिचं जे काय बसायचं ते आधीच बसवून घ्यायचं. यातली एक पायरी चुकली तरी टेबलावर स्प्रिंग हुबेहूब तशीच दिसते. फरक इंजिनात कळतो.

तुटलेल्या स्प्रिंगा माझ्याकडे तपासायला यायच्या. भिंगाखाली धरलं की तुटलेल्या तोंडावर एक छोटा गुळगुळीत चंद्र दिसायचा, तिथून चीर सुरू झालेली. आणि त्या चंद्राच्या मुळाशी बहुतेक वेळा काय असायचं? पक्कडीने धरल्याचा ओरखडा. नाहीतर गंजाचा बारीक खड्डा. म्हणून नवीन स्प्रिंग पक्कडीत, व्हाइसमध्ये धरू नका. ग्राइंडरवर घासू नका. गंज काढायला ॲसिडमध्ये बुडवू नका, पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं. कागदात तेल लावून ठेवा. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी असेल तर अधूनमधून इंजिन हाताने थोडं फिरवून ठेवा, म्हणजे त्याच दोन-तीन स्प्रिंगा दाबलेल्या राहणार नाहीत.

घाटमाथा

ताई, मी जुन्या स्प्रिंगा पक्कडीनेच काढल्या होत्या. तुमचा प्रतिसाद वाचून पहिलं काम त्या बाजूला ठेवायचं केलं.

आता मूळ प्रश्न उरला. सिंगल, डबल की पोळ्याच्या आकाराची?

मिशिगनकर

पोळ्याच्या आकाराची म्हणजे बीहाइव्ह मला मनापासून आवडते. वर निमुळती असल्याने रिटेनर लहान आणि हलका होतो, आणि कमी झालेला प्रत्येक ग्रॅम व्हॉल्व्हच्या बाजूचा असतो. वरचे वेढे खालच्यांपेक्षा वेगळ्या व्यासाचे, त्यामुळे तिची कंपनसंख्या एका आकड्यावर अडकून राहत नाही आणि सर्जची लाट वाढायला वाव कमी. म्हणून कमी दाबात ती जास्त आरपीएम देते. तिची एकच उणीव, आत दुसरी स्प्रिंग नाही. तुटली तर व्हॉल्व्ह थेट सिलिंडरमध्ये.

डबलमध्ये बाहेरची तुटली तरी आतली व्हॉल्व्ह धरून ठेवते, निदान गाडी बंद करेपर्यंत. दोन्ही उलट दिशांना गुंडाळलेल्या असतात, वेढे एकमेकांत अडकू नयेत म्हणून, आणि एकमेकींना किंचित घासून थरथर मारतात. पण वजन जास्त, रिटेनर जड, आणि तुझ्या हेडमध्ये आतल्या स्प्रिंगसाठी गाइडभोवती जागा लागेल.

७५ किलोपर्यंतच्या गरजेला चांगली सिंगल किंवा बीहाइव्ह पुरते. डबलचा विचार तू ८५०० च्या गोष्टी करशील तेव्हा.

उद्यमनगर_लेथ

टायटॅनियमचे रिटेनर कोणी गळ्यात मारायला बघेल, घेऊ नकोस. हलके असतात खरे, पण स्प्रिंगचं टोक त्यांना कातत जातं, वारंवार उघडून बघावे लागतात. मैदानावर धूळ खाणाऱ्या गाडीला चांगल्या पोलादाचेच बरे.

पिट_लेन

माझी टर्बो आहे, ६५०० च्या वर जात नाही. मला काही बदलायची गरज नाही ना?

मिशिगनकर

आहे. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर दाबतो आणि त्याला उघडायला बघतो. ३० मिमीच्या व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ ७ चौरस सेंमी, १ बार बूस्टला सुमारे ७ किलो. बंद अवस्थेतल्या २५ किलोंतून ७ गेले, उरले १८. एक्झॉस्टकडेही टर्बाइनच्या आधीचा दाब हेच करतो. पिट_लेन, बंद अवस्थेतला दाब तेवढा वाढवून घ्या, रेट वाढवायची गरज नाही.

जुनी_पेट्रोल_टाकी

चर्चा वाचून राहवलं नाही. स्प्रिंगच्या या थरथरीला कंटाळूनच ड्युकाटीच्या फाबिओ तालिओनी यांनी १९५६ साली डेस्मोड्रोमिक १२५ मोटरसायकल बनवली, व्हॉल्व्ह बंद करायलाही कॅमच. तिने त्याच वर्षी स्वीडिश ग्रां प्री जिंकली. मर्सिडीजने १९५४ च्या डब्ल्यू१९६ रेसिंग गाडीत तेच केलं होतं. पुढे १९८६ मध्ये रेनोने फॉर्म्युला वनच्या टर्बो इंजिनात पोलादी स्प्रिंग काढून दाबलेला वायू बसवला. वायूला वेढे नाहीत. आणि दुसऱ्या बाजूला होंडाच्या एस२००० ने १९९९ मध्ये साध्या पोलादी स्प्रिंगवर रस्त्यावरच्या गाडीला ९००० च्या घरात नेऊन दाखवलं. हलके भाग आणि नीट आखलेला कॅम असेल तर पोलाद अजून भरपूर देतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

वेगमर्यादा

वाचणाऱ्या नव्या मुलांसाठी एवढंच. घाटमाथाची गाडी ट्रेलरवरून जाते, ते महत्त्वाचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलंय. आणि स्पर्धेत उतरणार असाल तर एफएमएससीआयच्या (भारतातल्या मोटरस्पोर्टची संघटना) तुमच्या वर्गाचे नियम आधी वाचा. काही वर्गांत स्प्रिंग बदलायला परवानगीच नसते.

घाटमाथा

मंडळी, दोन महिन्यांनी परत आलोय. स्प्रिंग मागवल्या. सिंगल, क्रोम-सिलिकॉन. मोकळी लांबी ४९.५, रेट ४ किलो, बाइंड २९.४. म्हणजे ४१.५ ला ३२ किलो आणि ३१.३ ला ७३ च्या जरा आत. बाइंडला १.९ मिमी शिल्लक. गाइडची वरची कड मशीन शॉपमध्ये ०.८ ने उतरवून घेतली, त्यामुळे सीललाही आता १.८ मिमी आहेत.

काका म्हणाले तेच खरं निघालं, आठही व्हॉल्व्हची उंची वेगळी:

इनटेक : ४१.६, ४१.८, ४१.५, ४१.९
एक्झॉस्ट : ४२.०, ४१.९, ४२.४, ४२.१

तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट तसाच बसवला असता तर तो एकटाच साडेतीन किलो कमी दाबाने चालला असता. ०.४ च्या शिम (पातळ वॉशर) घातल्या, त्या तिसऱ्याला दोन. सगळे ४१.४ ते ४१.७ मध्ये आणले. पिस्टनवर मुलाची प्लॅस्टिसिन थापून, हेड बांधून, हाताने दोन फेरे फिरवले आणि कापून मापलं. इनटेकला २.६, एक्झॉस्टला ३.१ मिमी. वीस मिनिटं २००० ते २५०० वर चालवून थंड होऊ दिलं. दुसऱ्या दिवशी दाब मोजला तर ३२ चे ३१ झाले होते.

धातुगाथा

पहिल्या गरम होण्यात एखादा किलो बसतोच, काळजी नको. इथून पुढे जो कमी होईल तो लिहून ठेवा.

घाटमाथा

रविवारी मैदानावर नेली. दुसऱ्याला ६९०० आले तेव्हा सवयीने पाय सैल झाला. मग दाबून धरला. ७०००, ७२००, ७४००, आवाज एकसारखा, वाळूचा मागमूस नाही. खरी ताकद मला ७१०० च्या आसपास वाटते, त्यावर नुसते आरपीएम वाढतात. म्हणून लिमिटर ७६०० वरून ७४०० वर आणला.

काळा_धूर

लिमिटर खाली आणलास हे वाचून सगळ्यात बरं वाटलं. ऑइल बदललंस की चुंबक बघ.

घाटमाथा

तीन इव्हेंट झाल्या. चुंबक स्वच्छ आहे, पॅड चकचकीत. पण हेडवर ठेवायच्या टेस्टरने दाब मोजला तर सात व्हॉल्व्ह ३१ दाखवतात आणि तिसऱ्याचा एक्झॉस्ट ३०. नवीन स्प्रिंग एवढ्यात थकली? बदलून मागू का?

उद्यमनगर_लेथ

त्या व्हॉल्व्हचा टॅपेट किती आहे?

घाटमाथा

०.३० ठेवला होता. आत्ता फीलर लावला, ०.०५ जेमतेम जाते.

उद्यमनगर_लेथ

मग स्प्रिंगला दोष देऊ नकोस. सीट पाव मिमी खाली गेली आहे. दांडा वर आला म्हणून टॅपेट कमी झाला, उंची वाढली म्हणून एक किलो गेला. दोन्ही आकडे एकच सांगताहेत. बाळा, ही तीच सीट जी आधीच सगळ्यात खोल होती. टॅपेट सैल करून चालवू नकोस, हेड उघड आणि नवी सीट ठोकून घे.

घाटमाथा

शनिवारी हेड काढतो काका. सीटचा फोटो इथेच टाकेन.